शिकलेला कुत्रा, शिकवणारा माणूस

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात कुत्रा म्हणजे अंगाला लागू नये असे जनावर. शाळेतून येताना एखाद्या भटक्या कुत्र्याचे ओले नाक पायाला लागले, की आजी आम्हांला उंबरठ्याबाहेर उभे करी. सात वेळा पाणी, त्यातले एकदा माती लावून. मगच घरात पाऊल. आम्ही शाफई, त्यामुळे सातचा हिशेब कधी चुकत नसे. घाटावरून येणारे आमचे हनफी पाहुणे तीनदा धुऊन मोकळे होत, आणि आजी त्यांच्या पायांकडे जराशा संशयानेच पाही.

पुढे मक्तबात फिकहचे एक छोटे पुस्तक शिकताना शिकारीचे प्रकरण आले. शिकवलेल्या कुत्र्याने धरलेले सावज हलाल आहे, न शिकवलेल्या कुत्र्याने मारलेले हलाल नाही, असे त्यात लिहिले होते. आम्ही चकित झालो. ज्याचे नाक लागले तर सात वेळा पाय धुवायचे, त्याच्या दातांतले सावज ताटात कसे? आणि कुत्रा शिकतो म्हणजे नेमके काय शिकतो? आम्ही हा प्रश्न विचारला आणि उत्तरादाखल हातावर छडी बसली. त्या छडीचा राग केव्हाच विरला. प्रश्न मात्र राहिला, आणि वाचनाच्या नादात तो पुनःपुन्हा समोर येत गेला. त्याचा माग काढता काढता आम्ही अरबस्तानातून सीरियात, तिथून इटली, फ्रान्स, इंग्लंडात गेलो आणि शेवटी आपल्याच देशात परतलो. त्या प्रवासात जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवीत आहोत.

कुरआनातील पाचव्या सूरहची, म्हणजे अल-माइदाची चौथी आयत शिकारीसंबंधी आहे. काय काय हलाल, असे लोकांनी विचारल्यावर चांगल्या शुद्ध वस्तूंबरोबर शिकवलेल्या शिकारी जनावरांनी तुमच्यासाठी धरलेले सावजही हलाल, असे तिथे सांगितले आहे. या आयतीत एक शब्द येतो, ‘मुकल्लिबीन’. ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. त्यावरून ‘मुकल्लिब’ म्हणजे शिकारीसाठी कुत्र्याला तयार करणारा, त्याचा उस्ताद. पण आम्हांला जास्त विचारात पाडले ते त्यापुढच्या भागाने. अल्लाहने तुम्हांला जे ज्ञान दिले त्यातलेच तुम्ही या जनावरांना शिकवता, असा त्याचा आशय आहे. कुत्र्याला शिकवणे ही हलकी कामगिरी मानलेली नाही. माणसाला मिळालेल्या इल्मचाच तो पुढचा वाटा आहे. शिकवणाऱ्यालाही इथे आठवण दिली आहे, की तूही कोणाकडून तरी शिकलेला आहेस.

या विषयावरच्या हदीसींत एक नाव सतत भेटते, ते हजरत अदी बिन हातिम यांचे. आपल्याकडे हातिमताईच्या गोष्टी ठाऊक नाहीत असे घर विरळा. त्या दानशूर हातिमचेच हे चिरंजीव, तय्य कबिल्याचे सरदार. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि पैगंबरांना (स.) शिकारीबद्दल अगदी व्यवहारी प्रश्न विचारले. आम्ही कुत्रे सोडतो, ते सावज धरतात. ते खावे का? उत्तराचा सारांश असा : शिकवलेला कुत्रा अल्लाहचे नाव घेऊन सोडला असेल, तर त्याने तुमच्यासाठी धरून ठेवलेले खा. पण त्याने त्यातले खाल्ले असेल तर खाऊ नका. कारण मग ते त्याने स्वतःसाठी धरले. वाटेत दुसरा अनोळखी कुत्रा सामील झाला असेल तरी खाऊ नका. कारण नाव तुम्ही आपल्या कुत्र्यावर घेतले होते, त्याच्यावर नाही.

म्हणजे सारा भेद ‘कोणासाठी’ या एका शब्दावर आला. दोन कुत्रे, दोघांचे दात सारखेच, सावजही एकच. एकाने भूक आवरली आणि दुसऱ्याने आवरली नाही, एवढाच फरक.

पुढे फकीहांनी या गोष्टीचा बारीक कीस काढला. कुत्रा शिकला हे ओळखायचे कसे? शाफई ग्रंथांत याच्या खुणा सांगितल्या आहेत. सोडला की निघाला पाहिजे, दटावला की थांबला पाहिजे, सावज धरून ठेवले पाहिजे आणि त्यातले खाल्ले नाही पाहिजे. हे एकदा करून भागत नाही. जाणकार लोक ‘हा आता तयार झाला’ म्हणेपर्यंत पुनःपुन्हा दिसले पाहिजे. हनफींत इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद यांनी आकडा दिला : लागोपाठ तीन वेळा खाण्याचे टाळले, तर तो शिकलेला. त्यांचे उस्ताद इमाम अबू हनीफा यांनी मात्र आकडा ठरवला नाही, शिकाऱ्याच्या खात्रीवर सोडले. आपल्याकडच्या मदरशांत पिढ्यान् पिढ्या शिकवल्या जाणाऱ्या ‘हिदाया’ ग्रंथात ही चर्चा आहे. मर्गीनानींचा हा ग्रंथ १२व्या शतकातला. त्यात ससाण्याची परीक्षा वेगळी सांगितली आहे. ससाणा हाकेला परत आला की तो शिकला. त्याने सावजाचा लचका तोडला तरी चालते. याचे कारण मोठे मार्मिक दिले आहे. पक्षी स्वभावाने बुजरा, माणसापासून दूर जाणारा; त्याने परत येणे म्हणजे स्वभाव सोडणे. कुत्रा स्वभावाने माणसाळलेला. तो परत येतो यात नवल नाही. त्याचा स्वभाव तोंड घालण्याचा, म्हणून न खाणे ही त्याची परीक्षा. ज्याची जी ओढ, तिला आवर घालता आला की तो शिकला.

कुत्र्याच्या लाळेबद्दल सर्व इमामांचे एकमत नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. इमाम मालिक यांनी ती नापाक मानली नाही. ज्याने धरलेले सावज खाल्ले जाते त्याची लाळ वाईट कशी म्हणावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. लहानपणी आम्हांला पडलेला प्रश्न मदीनेत १,२०० वर्षांपूर्वीच एका इमामाने विचारून ठेवला होता, हे कळले तेव्हा हातावरची ती जुनी छडी थोडी हलकी झाली.

आता कुत्र्याच्या कसबाकडे वळू. शिकारी कुत्र्यांचे ढोबळ दोन वर्ग आहेत. एक डोळ्यांनी शिकार करणारा, दुसरा नाकाने. अरबांचा सलुकी पहिल्या वर्गातला : लांब पाय, सडपातळ कंबर, उघड्या वाळवंटात हरीण दिसले की वाऱ्यासारखा सुटणारा. त्याला सावज ‘दाखवावे’ लागते. पण झाडी असेल, गवत कमरेएवढे असेल, ससा बिळात आणि तित्तर झुडपात दडलेला असेल, तिथे डोळा कामाचा नाही. तिथे नाक लागते. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी ५० ते ६० लाख. कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून अधिक. ही दौलत त्याला जन्मतःच मिळते. ती शिकवावी लागत नाही. शिकवावे लागते ते वेगळेच : गंध आला की स्वतः धावायचे नाही, मालकाला सांगायचे.

बसऱ्याचा थोर गद्यलेखक अल-जाहिज याने ९व्या शतकात ‘किताब अल-हयवान’ हा प्राण्यांविषयीचा विशाल ग्रंथ लिहिला. त्यात कुत्र्याचा कैवारी आणि कोंबड्याचा कैवारी यांचा लांबलचक वाद आहे. एक बाजू कुत्र्याचे दोष उगाळते, तर दुसरी त्याचे गुण गाते. त्या गुणांत नाकाची एक हकीकत आहे. बर्फ पडलेल्या दिवशी सगळी जमीन पांढरीसपाट होते. शिकाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नाही. कुत्रा मात्र डावीउजवीकडे हुंगत चालतो आणि नेमका बिळाच्या तोंडाशी येऊन थांबतो. आत दडलेल्या जनावराच्या श्वासाची ऊब वर येते, तिथला बर्फ आतून किंचित पातळ होतो, ही बारीक खूण फक्त कसलेल्या कुत्र्यालाच कळते, असे जाहिज सांगतो. कुत्र्याने थांबायचे आणि माणसाने त्या थांबण्याचा अर्थ समजून घ्यायचा, असा हा दोघांमधला न बोललेला करार आहे.

हा करार पुढे कसा जपला गेला, ते सीरियातल्या शैझर गावी पाहायला मिळते. आसी नदीकाठचा हा किल्ला मुन्किझ घराण्याकडे होता. त्या घराण्यातला उसामा बिन मुन्किझ (१०९५ ते ११८८) याने म्हातारपणी ‘किताब अल-इतिबार’ या नावाने आठवणी लिहिल्या. त्यात क्रुसेडच्या लढायांबरोबर शिकारीलाही जागा आहे. त्याचे वडील मुर्शिद मोठे दीनदार. फावल्या वेळात कुरआनच्या नकला स्वहस्ते उतरवीत. आणि हेच गृहस्थ चांगल्या ससाण्यांसाठी व कुत्र्यांसाठी आपली माणसे थेट कॉन्स्टॅन्टिनोपलला धाडीत. त्या कुत्र्यांना अरबीत ‘झगारी’ म्हणत. हे नाकाने चालणारे, पक्ष्यांच्या मागावर जाणारे कुत्रे. पक्ष्यांकडे यांचा कल जन्मजातच असतो, असे उसामा नोंदवतो.

याच आठवणींत एका काळ्या झगारी कुत्रीची हकीकत आहे. रात्री नोकर तिच्या डोक्यावर दिवा ठेवीत आणि त्या उजेडात बुद्धिबळ खेळत बसत. ती हलत नसे. असे करता करता धुराने तिचे डोळे चिपडले. मुर्शिद नोकरांवर रागावत, की तुम्ही या कुत्रीला आंधळी कराल. पण नोकर ऐकत नसत. ही हकीकत वाचून प्रथम हसू येते आणि मग वाईट वाटते. जिला स्थिर राहायला शिकवले, तिच्या स्थिरपणाचाच लोकांनी दिवठाण केला. शिकलेल्याच्या सबुरीचा गैरफायदा घेणे ही माणसाची जुनी खोड आहे. पण त्या घरात कुरआनची नक्कल करणाऱ्या मालकालाच कुत्रीच्या डोळ्यांची काळजी वाटत होती, हेही विसरता येत नाही. ११५७च्या भूकंपात शैझर कोसळले आणि ते घराणे ढिगाऱ्याखाली गेले. उसामा बाहेर होता म्हणून वाचला, आणि त्याच्यामुळे त्या कुत्रीची आठवणही वाचली.

‘झगारी’ हा शब्द पुढे तुर्कीत ‘झगर’ म्हणून राहिला. उस्मानी सुलतानांच्या जानिसारी फौजेत शिकारी कुत्रे सांभाळणारी एक खास तुकडी होती. तिच्या प्रमुखाला ‘झगरजीबाशी’ म्हणत आणि तो मानाच्या अधिकाऱ्यांत गणला जाई.

हे ज्ञान पश्चिमेकडे गेले ते ग्रंथांच्या वाटेनेही गेले. ९व्या शतकातल्या अब्बासी दरबारात ससाणे आणि शिकारी कुत्रे यांची निगा, शिकवण आणि आजार यांवर अरबी ग्रंथ तयार झाले होते. त्यांवर आधारलेला एक ग्रंथ ‘मोआमिन’ या नावाने लॅटिनमध्ये गेला. हे भाषांतर सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्यासाठी थिओडोर या अँटिऑकच्या विद्वानाने केले. थिओडोर ख्रिस्ती, शिक्षण मोसुलला, नोकरी सिसिलीच्या दरबारात. १२४०-४१ मध्ये फाएन्झा शहराला वेढा घालून बसला असताना सम्राटाने छावणीतच हे भाषांतर तपासून दुरुस्त केले. पुढे त्याचा मुलगा एन्झो याच्यासाठी ते फ्रेंचमध्येही उतरवले गेले. पोप आणि सम्राट, मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्या भांडणांनी भरलेल्या त्या शतकात कुत्र्याचे पिल्लू कसे वाढवावे याचे ज्ञान मात्र बगदादेहून इटलीत सुखरूप पोचले.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील फ्वा परगण्याचा सरदार गास्तों फेबुस याने १३८७ साली शिकारीवर एक ग्रंथ लिहायला घेतला. त्यात ‘लिमिए’ नावाचा कुत्रा येतो. तो दोरीवरच चालायचा. पहाटे शिकारी त्याला घेऊन रानात जाई, आणि हरीण कोणत्या झाडीत विसावले आहे हे तो हुंगून सांगे. पण भुंकून नाही. भुंकला की हरीण उठून पळणार, दिवसभराची शिकार फुकट जाणार. तेव्हा त्याने मुकेपणाने नुसता दोरीला ताण द्यायचा, आणि मालकाने तो ताण हाताने ‘वाचायचा’. शिकार झाल्यावर कुत्र्यांना हरणाच्या कातड्यावर रक्तात भिजवलेली भाकर मिळे. लिमिएचा वाटा त्याला मानाने वेगळा काढला जाई. स्वतःहून तोंड घालायचे नाही, माणसाच्या हातून घ्यायचे. अदी बिन हातिम यांना मिळालेले उत्तर त्या फ्रेंच सरदाराला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण कसबाचा कायदा दोन्हीकडे एकच निघाला.

फेबुसने पक्ष्यांवरच्या कुत्र्यांचीही माहिती दिली आहे. त्यांना खाली बसून राहायला शिकवले, तर तित्तर आणि लावे जाळ्याने पकडायला ते फार उपयोगी पडतात, असे तो म्हणतो. हे जाळ्याचे प्रकरण नीट समजले पाहिजे, कारण गंध आल्यावर खूण देण्याची विद्या त्यातूनच परिपूर्ण झाली. तित्तराचा थवा गवतात दबून बसतो. कुत्रा चार पावले जास्त गेला तर थवा भुर्रकन उडतो. त्याने योग्य अंतरावर जमिनीला पोट टेकून स्थिर राहिले, तर दोन माणसे जाळे धरून कुत्र्यावरून आणि थव्यावरून ते एकदम ओढून घेतात. जाळे स्वतःच्या अंगावरून जात असतानाही कुत्र्याने हलायचे नाही. केंब्रिजचा वैद्य जॉन कायस याने १५७० मध्ये इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिन पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे इंग्रजी भाषांतर १५७६ मध्ये निघाले. त्यात ‘सेटर’चे वर्णन आहे. हा कुत्रा ना पायाचा आवाज करतो ना जिभेचा. पक्षी सापडला की थांबतो, दबून पुढे सरकतो, बसतो आणि पंज्याने जागा दाखवतो. पुढे बंदुका आल्या, उडत्या पक्ष्यावर नेम धरणे सुरू झाले, जाळी मागे पडली. पण कुत्र्याचे थांबणे राहिले. ‘पॉइंटर’ हे नावच त्यावरून पडले : एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक सावजाच्या दिशेने.

आता हे पिल्लाला शिकवतात कसे? उड्या मारणारे, दिसेल त्यामागे धावणारे, चार-सहा महिन्यांचे पोर ते. मांजर उंदरावर झेपावण्याआधी क्षणभर थबकते, तसेच कुत्र्याच्या रक्तातही झेपेआधीचे थबकणे आहे. उस्ताद नवे काही घालत नाही. तो क्षण लांबवत नेतो.

सुरुवात घरात, खाण्याच्या थाळीपासून होते. थाळी समोर ठेवायची आणि पिल्लाला हाताने अडवायचे. शब्द दिल्याशिवाय तोंड लावायचे नाही. पहिल्या दिवशी दोन क्षण, मग दहा, मग मालक दार ओलांडून परत येईपर्यंत. पुढे ‘ये’ आणि ‘बस’ ही दोन हाकांची शिकवण. ती आधी आवाजाने, मग हाताच्या खुणेने, मग शिट्टीने. कारण रानात ओरडून चालत नाही. मग मैदानात लांब, हलकी दोरी गळ्यात बांधून मोकळे सोडायचे. पिल्लाला वाटते आपण सुटलो. पण दोरीवर मालकाचा पाय पडला की ते थांबते. वाऱ्याकडे तोंड करून त्याला डावीउजवीकडे नागमोडी फिरवायचे, म्हणजे गंध वाऱ्यावर नाकात येतो.

मग खरी परीक्षा. पिंजऱ्यात लावा ठेवून तो गवतात लपवायचा. पिल्लू फिरता फिरता वाऱ्याच्या रेषेत येते. नाक वर जाते, अंग ताठते, क्षणभर थबकते. पुढच्या क्षणी ते झेपावणार, तोच दोरी हळूच ताणायची. झटका द्यायचा नाही. जवळ जाऊन पाठीवरून हात फिरवायचा, हलक्या आवाजात शाबासकी द्यायची, आणि त्याला तसेच उभे राहू द्यायचे. पक्षी उठवायचा तो मालकाने, कुत्र्याने नव्हे. पक्षी उडाला तरी मागे धावू द्यायचे नाही. या दिवसांत पिल्लाच्या तोंडात पक्षी एकदा जरी आपसूक सापडला, तरी आठवड्यांची मेहनत वाया जाते. धावण्यात फायदा आहे, हा धडा ते कायमचे शिकते. एखादा जुना, मुरलेला कुत्रा बरोबर असला तर काम सोपे होते. तो थांबला की त्याला पाहून पिल्लूही मागे थांबते.

या शिकवणीत दोन दोष निपजतात. पहिला खोट्या खुणेचा. पिल्लाला शाबासकीची चटक लागते आणि सावज नसतानाही ते ताठ उभे राहते. त्यावर उपाय सोपा : खोट्या खुणेला शाबासकी द्यायची नाही, न रागावता पुढे चालायचे. दुसरा दोष याहून वाईट, आणि तो कुत्र्याचा नसतो, उस्तादाचा असतो. पिल्लू पक्ष्यावर धावले म्हणून त्याला बडवले, तर ते मनात वेगळाच हिशेब मांडते. पक्ष्याचा गंध आला की मार बसतो. मग ते काय करते? गंध आला की मान फिरवते आणि दुसरीकडे निघून जाते. त्याला सगळे कळलेले असते, नाक शाबूत असते. पण ते सांगत नाही. इंग्रज शिकारी याला कुत्र्याने ‘डोळेझाक’ केली असे म्हणतात. हा दोष जडला की निघता निघत नाही. कर्नल हचिन्सन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८४८ साली कुत्र्यांच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. त्या काळी ही शिकवण म्हणजे चाबूक असेच समीकरण होते. त्याने मात्र सौम्य हाताचा आणि समजुतीचा आग्रह धरला. शिकवणाऱ्याने आधी स्वतःचा राग आवरावा, हे त्याच्या सांगण्याचे सार.

हे वाचताना आम्हांला आमचे मक्तब आठवले. उत्तर ठाऊक असूनही मान खाली घालून बसलेली, छडीच्या दिशेने न पाहणारी मुले आठवली. त्यांतले एक आम्हीच होतो. सबक येत नव्हता असे नाही. पण तोंड उघडले तर चुकण्याची भीती होती, आणि चुकले तर मार ठरलेला. न बोलणे सुरक्षित. प्रश्न विचारणे तर त्याहून धोक्याचे. आमच्यातल्या कितीजणांनी अशी कायमची डोळेझाक करून घेतली आणि पुढे शाळाच सोडली, हे आम्ही आमच्याच मोहल्ल्यात पाहिले आहे.

आपल्या देशात दरबारी शिकारीचा थाट मोठा होता. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाहाच्या शिकारी चित्त्यांबरोबर कुत्र्यांचीही नोंद केली आहे. अकबराला कुत्रे आवडत, तो देशोदेशींहून ते आणवी, आणि काबूल, त्यातही हजारा भागातले कुत्रे उत्तम समजले जात. मराठवाडा, सोलापूर, मुधोळ या पट्ट्यात आजही ‘कारवान’ किंवा मुधोळ म्हणून ओळखला जाणारा सडपातळ कुत्रा आहे. काफिल्यांबरोबर तो या मुलखात आला, अशी समजूत त्याच्या नावातच आहे. तो मात्र सलुकीच्या जातकुळीचा, डोळ्यांनी शिकार करणारा. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीटही काढले. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार जवळपास संपवली, आणि ते योग्यच झाले. रान उरले नाही तर नाक काय हुंगणार?

पण ती विद्या संपली नाही. तिने बाजू बदलली. ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २००८ पासून वनखात्यासाठी कुत्रे तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाचे श्वान प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे हे कुत्रे आणि त्यांना सांभाळणारे वनरक्षक एकत्र शिकले. वाघाची हाडे, बिबट्याचे कातडे, अस्वलाचे पित्त यांचा गंध ओळखायचा आणि खूण द्यायची. रेल्वेच्या डब्यात, बसच्या टपावर, गोणींच्या ढिगात. सुरुंग आणि स्फोटके हुडकणारे कुत्रेही असेच शिकतात. गंध सापडला की सहसा गप्प बसायचे. त्यांचे हे गप्प बसणे म्हणजे जाळ्याखाली स्थिर राहणाऱ्या सेटरचेच बसणे. तिथे एक पाऊल पुढे टाकणे म्हणजे मृत्यू असू शकतो. कोणे एके काळी सावज मारण्यासाठी घडवलेली सबुरी आज जीव वाचवते.

१४व्या शतकातले दमिश्कचे विद्वान इब्न कय्यिम अल-जौझिया यांनी इल्मची थोरवी सांगताना याच आयतीचा दाखला दिला आहे. शिकलेल्या कुत्र्याचे सावज हलाल आणि अडाणी कुत्र्याचे वर्ज्य. इल्मने कुत्र्यालाही दर्जा येत असेल, तर माणसाचे काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. मजहबच्या इमामांत लाळेबद्दल मतभेद राहिले. शिकलेला आणि न शिकलेला यांत फरक आहे, याबद्दल मात्र मतभेद झाला नाही.

आमची तक्रार एवढीच, की आपण या वारशातले सात वेळा धुणे तेवढे घट्ट धरून ठेवले. ते चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. आजही पायाला कुत्र्याचे नाक लागले तर आमचा हात आपोआप तांब्याकडे जातो. पण त्याच वारशात ‘मुकल्लिब’ होता. पिल्लासमोर थाळी ठेवून धीराने बसणारा, त्याच्या भुकेला रीत लावणारा, आपला राग आधी गिळणारा. त्याला आपण विसरलो, आणि त्याच्या जागी छडी घेऊन बसलो. पदवी मिळवून जो ती फक्त स्वतःच्या ताटासाठी वापरतो, तोही शिकला असे आपण मानू लागलो. अदी बिन हातिम यांना मिळालेल्या उत्तराची कसोटी आपल्या शिकलेल्यांना लावली, तर किती उतरतील?

आमची आजी आता नाही. मक्तबही पत्र्याच्या शेडमधून पक्क्या इमारतीत गेले. मध्यंतरी तिथे गेलो होतो, तेव्हा एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा उठून उभा राहिला आणि त्याने तरुण उस्तादांना विचारले, जनाब, कुत्रा नापाक तर त्याची शिकार हलाल कशी? आम्ही श्वास रोखून बसलो. उस्तादांनी पुस्तक मिटले, पोराला जवळ बोलावले आणि म्हणाले, बस, सांगतो. गोष्ट जरा लांब आहे.